भट्टीतलं माणिक

बोईसर,
१८ फेब्रुवारी २०२४

ती. आत्यास उत्कर्षाचा साष्टांग नमस्कार.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि ते मशीन कानात घातलं की डोक्यात मुंग्या चालतात म्हणतेस, म्हणून पत्रच लिहिते. तुझं अक्षर बघायला मिळतं हा माझा फायदा.

बाबांचं वर्षश्राद्ध ठीक पार पडलं. तुझे गुडघे दुखतात म्हणून तू आली नाहीस, पण बाबांच्या वेळचे चारपाच वेल्डर आणि फिटर आले होते. चिंचणीहून शिवाजीकाकाही आले.

आता कामाचं. आजोबांची, वामनआबांची अंगठी बाबांनी दवाखान्यात माझ्या हातात दिली होती, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा म्हणाले होते, "ही तुझी. ठेवायची तर ठेव, मोडायची तर मोड. पण मोडशील तेव्हा फसू नकोस." भाऊ म्हणून दिग्विजयलाही मी विचारलं. तो म्हणाला, "बाबांनी तुला दिली ना, मग मी मध्ये नाही."

आत्या, मला ती विकायची आहे. घरातलं एक काम काढलं आहे, त्यासाठी. तुझ्या परवानगीशिवाय विकणार नाही.

परवा इथल्या एका दुकानात नुसती दाखवली. त्यांनी कसाच्या दगडावर अंगठीची एक रेघ ओढली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "चौदा कॅरेट. वरचा खडा म्हणजे काच, त्याचं वजन वजा जाणार. पंचवीस हजार देतो. आत्ता द्या, उद्या भाव पडेल." मी अंगठी उचलली आणि बाहेर आले. पंधरा वर्षं कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली आहेत मी. एकदा बघून आम्ही साध्या रंगाच्या पावडरीचाही निकाल देत नाही.

आणि काच कशी? बाबा आम्हाला लहानपणापासून सांगायचे, "हे माणिक आहे, आबांच्या जिवाची किंमत आहे." म्हणून तुला विचारते. अंगठी कुणी दिली, कधी दिली, त्या वेळी खड्याला काय म्हणत होते, पुढे कधी दुरुस्त केली का, सगळं लिही. विकायचीच तर नीट ओळखून विकू.

तुझी,
उत्कर्षा

*

पाथर्डी,
२९ फेब्रुवारी २०२४

चि. उत्कर्षा हिस मैनाआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. श्राद्धाला येता आलं नाही याचं मनात राहिलं गं. एकुलता भाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी लहान, आणि माझ्या आधी गेला.

अंगठीचं सांगते. मी तेव्हा पाच वर्षांची होते. आबा विहिरी खोदायचे. पाथर्डी-शेवगावच्या पट्ट्यात त्यांच्या हातच्या विहिरी अजून आहेत. एका मोठ्या बागाईतदाराच्या विहिरीत सुरुंग उडवला होता. धूर निवला असं समजून दोन माणसं खाली उतरली, त्यातला एक मालकाचा मुलगा. दोघंही खाली जाऊन पडली. वर नुसता कालवा. कुणाची छाती होईना. आबांनी मागचापुढचा विचार न करता उडी घेतली आणि दोघांनाही वर काढलं. मालकाने स्वतःच्या बोटातली अंगठी काढून शंभर माणसांसमोर आबांच्या बोटात घातली. लाल खड्याची. गावाने त्याच दिवशी त्याला माणिक म्हटलं, आणि माणिकच ते.

असा माणूस आपल्या घरात होऊन गेला. खोदकाम करणाऱ्याच्या बोटात माणिक, हे त्या काळात कुणी बघितलं होतं? आई, म्हणजे तुझी आजी रखमाबाई, सणाला ती अंगठी पुसून देवाजवळ ठेवायची.

आता माझं ऐक. त्या दुकानदाराचं काही धरू नकोस. आणि तो खडा आणखी कुणाला दाखवू नकोस, तपासबिपास तर मुळीच नको. तपासताना खडे फुटतात, बदलतात, मी ऐकलंय. तुला पैशाची गरज असली तर मला सांग. निवृत्तीचे थोडे ठेवलेत, तेच तुला पाठवते आणि अंगठी मीच घेते. घरातली वस्तू घरात राहील. जुन्या गोष्टी उकरू नयेत, बाई.

जावई सुजितला आशीर्वाद, नात स्वराला गोड पापा.

तुझी,
मैनाआत्या

*

बोईसर,
२४ मार्च २०२४

ती. आत्यास सा. नमस्कार.

तुझं ऐकलं नाही, याची आधी माफी मागते.

पालघरला किंजल म्हणून एक मुलगी आहे. वडिलांचं सराफी दुकान, आणि ही मुंबईला खड्यांची पारख रीतसर शिकून आलेली. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. माझ्या मैत्रिणीने, स्नेहाने, तिचं नाव सांगितलं. मी गेले तेव्हा तिने अंगठी हातात घ्यायच्या आधी विचारलं, "ताई, तुम्हाला भाव हवाय की खरं हवंय?" मी म्हटलं, "आधी खरं, मग भाव." तर म्हणाली, "मग बसा. वेळ लागेल."

आधी सोनं. अंगठी यंत्रात ठेवली, मिनिटाभरात कागद बाहेर आला. शंभरात त्र्याऐंशी भाग सोनं. म्हणजे वीस कॅरेट, आत्या, चौदा नव्हे! आतल्या बाजूला छाप नाही, पण जुन्या गावठी कामाला तो नसायचाच. ती म्हणाली, "ज्यांनी चौदा सांगितलं त्यांची एक तर नजर चुकली, नाही तर नियत."

मग खडा. भिंगाखाली बराच वेळ बघत होती. शेवटी मला म्हणाली, "तुम्हीच बघा. आत काय दिसतं?" मला बारीक बारीक गोल बुडबुडे दिसले, आणि वळणदार रेघा, जुन्या गाण्यांच्या तबकडीवर असतात तशा. ती म्हणाली, "खाणीतल्या माणकात रेघा सरळ असतात. वळणदार म्हणजे हे भट्टीत बनवलेलं माणिक. पण ही काच नाही हं. घटक तेच, कडकपणा तोच. फक्त जन्म जमिनीत नाही, आगीत." त्याची किंमत काय, विचारलं. "पाचशे रुपये. मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र घ्याल तर कागद खड्यापेक्षा महाग पडेल. नका घेऊ."

इथवर मी हसत होते. पुढचं ऐकून हसू गेलं. ती म्हणाली, "ताई, हा खडा या अंगठीचा पहिला नाही. कोंदण खालून बंद होतं, ते नंतर कापून उघडं केलंय. कडेला जुना चमकीचा पत्रा चिकटलेला आहे. आणि हे ओरखडे बघा. हे सोनाराचं हत्यार नाही. कुणीतरी सुरी किंवा तसलं काही घालून पहिला खडा उपसलाय."

आत्या, अंगठी बाबांकडे होती. हत्यारं बाबांच्या हातात होती. म्हणजे आबांचं माणिक बाबांनी काढून विकलं, तिथे पाचशेचा खडा बसवला आणि जन्मभर आम्हाला "माणिक आहे, माणिक आहे" सांगितलं. का? मी सात वर्षांची असताना एकदा खोटं बोलले, तर मला दिवसभर बोलले नव्हते ते.

त्यांचा फोटो भिंतीवर आहे. आठ दिवस त्याला हार बदललेला नाही. तुला माहीत असेल तर सांग. नसेल तर माझ्याबरोबर तूही रागव.

उत्कर्षा

*

पाथर्डी,
१४ एप्रिल २०२४

चि. उत्कर्षा,

आधी उठ आणि चंद्रभानला हार घाल. मग पुढे वाच.

खडा त्याने नाही, मी काढला. ते ओरखडे विळीच्या टोकाचे आहेत. चाळीस वर्षं झाली.

मला सासरहून परत पाठवलं तेव्हा मी सत्तावीसची होते. मूल होत नाही म्हणून. आबा तेव्हा नव्हते, चार वर्षं आईजवळ राहिले. लोकांच्या खुरपणीला जायचं, आणि संध्याकाळी बायकांच्या नजरा झेलायच्या. सातवीपर्यंत शिकलेली होते. नगरला बालवाडीच्या बाईचं प्रशिक्षण होतं, अकरा महिन्यांचं. राहायचं, खायचं, फी, सगळं मिळून बाराशे रुपये. आमच्याकडे बारा नव्हते. आईला विचारलं तर म्हणाली, "बाई, आता काय शिकतेस?"

एका दुपारी आई शेतात असताना मी अंगठी काढली आणि विळीने खडा उचकटला. चंद्रभान तारापूरहून दिवाळीला आला होता. त्याला मागच्या परसात नेलं, खडा त्याच्या मुठीत दिला. म्हटलं, "मुंबईत विक. मला बाराशे आण. नाही आणलेस तर मी या घरात कुजून मरेन." तो मुठीकडे बघत राहिला. रिकामी अंगठीही घेऊन गेला. आईला म्हणाला, खडा हलतोय, मुंबईत पक्का करून आणतो.

दीड महिन्यात बाराशेची मनीऑर्डर आली. खाली लिहिलं होतं, 'माणिक विकलं. चांगला भाव आला. शिक.' पुढच्या दिवाळीला अंगठी परत आणली. त्यात लाल खडा होता. मला हळूच म्हणाला, "काच बसवून आणलीय, आईला कळणार नाही." आईला कळलं नाही.

म्हणून मी तुला तपासू नको म्हटलं. मला वाटलं, काच निघेल, तू विचारशील, आणि मला उत्तर द्यावं लागेल. तुझ्या दुकानदाराने काच म्हटलं, म्हणून तर मी अंगठी स्वतःच घ्यायला निघाले होते.

तेहतीस वर्षं मी बालवाडी आणि अंगणवाडी चालवली. त्याचा मला अभिमान आहे, लपवत नाही. पण बापाचा मान मी विकून खाल्ला. दर अक्षय्य तृतीयेला आबांना घास टाकताना मी मनात माफी मागते. आता तुझी मागते. तुझ्या वाट्याचं माणिक मी खाल्लं.

मैनाआत्या

*

बोईसर,
५ मे २०२४

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

बाबांना हार घातला. माफीही मागितली. आता तू बसून वाच, आणि शेजारी पाण्याचा तांब्या ठेव.

तुझं पत्र घेऊन मी किंजलकडे गेले. तिने विचार केला आणि म्हणाली, "ताई, एवढं मोठं अस्सल माणिक, त्या काळात मुंबईत, बाराशेला? शिवाय आत्याबाईंना जेवढे हवे होते तेवढेच, एक रुपया कमी नाही की जास्त नाही? आणि चमकीचा पत्रा काचेखालीसुद्धा लावतात." एवढंच बोलली. पुढचं मला सुचलं. शिवाजीकाका बाबांचे वेल्डिंगचे जोडीदार. चौऱ्याऐंशीत दोघं एकाच खोलीत राहायचे.

रविवारी चिंचणीला गेले. काका ओट्यावर जाळं विणत बसले होते. मी अंगठी पुढे धरली. त्यांनी जाळं बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "चंद्रभानने मला शपथ घातलेली. पण तोच गेला. आता कोणाला लपवायचं?"

पुढचं त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"आमी दोगं गेलो मुंबईला, सोन्याच्या बाजारात. तीन दुकानं फिरलो. पयल्याने बघितला न् परत दिला. दुसरा हसला. तिसरा म्हातारा व्हता, भला माणूस. तो बोलला, 'बाळा, ही काच हाय. पयल्यापासून काचच हाय. खालच्या पत्र्यामुळे चमकते.' चंद्रभान खाली पायरीवर बसला. तासभर उठला नाय. मी बोललो, चल, बहिणीला सांग काच निघाली म्हणून. तर बोलला, 'नाय. बापाची पण काच करू न् तिचं शिकणं पण बुडवू? एका दगडात दोन माणसं मारू?' मग परत आलो. तवा पॉवर स्टेशनात मोठं काम निघालेलं. दीड महिना त्याने दोन-दोन पाळ्या मारल्या. डोळे सुजून लाल. बाराशे जमले तशी मनीऑर्डर केली."

मी विचारलं, "आणि तो लाल खडा?"

"ता पुढच्या साली. मी बोललो, काच बसव, स्वस्तात होईल. तर बोलला, 'काच एकदा बसली, आता नाय. माझ्या पैशाची बसवायची तर माणिकच बसवणार.' खाणीतला काय परवडतो आमाला? भट्टीतला मिळाला. बोलला, 'भट्टीतला तर भट्टीतला. मी पण आगीतलाच माणूस हाय.'"

आत्या, तू काहीही विकलं नाहीस. विकण्यासारखं तिथे काही नव्हतंच. तुझं शिक्षण बाबांच्या दोन पाळ्यांवर झालं. तुला त्यांनी सांगितलं, माणिक विकलं आणि काच बसवली. खरं बरोबर उलटं होतं. काच टाकली आणि माणिक बसवलं.

माझे वडील वेल्डर होते, हे कारखान्यात सांगताना मी कधी कधी आवाज खाली घ्यायचे. आता नाही घेणार.

तुझी,
उत्कर्षा

*

पाथर्डी,
१७ मे २०२४

चि. उत्कर्षा,

तुझं पत्र अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी आलं. वाचलं आणि फेकून दिलं. खरं सांगते, आधी रागच आला. चाळीस वर्षं माझ्या छातीवर धोंडा होता, आणि त्या मेल्याला ठाऊक होतं की धोंडा नाहीच! दर राखीला समोर बसायचा, ओवाळून घ्यायचा, आणि तोंडातून चकार शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घास टाकायला बसले. मनात माफी मागायला गेले, तर काय मागावं सुचेना. मग कळलं. त्याने खरं सांगितलं असतं तर ते बाराशे मी घेतले असते का? नसते घेतले. त्याचं लग्न ठरलेलं होतं, डोक्यावर स्वतःचं छप्पर नव्हतं. मी म्हटलं असतं, राहू दे, माझ्या नशिबात नाही. त्याला ते माहीत होतं. मला घ्यायला लावायचं म्हणून त्याने ते आबांच्या नावावर घातलं.

काल देवळाच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या. मी मध्ये उभी राहिले आणि सगळं सांगितलं. विळी, खडा, काच, दोन पाळ्या, सगळं. मला ऐकू येत नाही, त्यामुळे कोण काय म्हणालं ते कळलं नाही. बघितलं मात्र, तीन जणींनी पदर डोळ्याला लावला. त्यातल्या दोघी माझ्याच बालवाडीत बाराखडी शिकलेल्या. मी म्हटलं, "ही बाराखडी माझ्या भावाच्या पैशाची." सांग, उत्कर्षा. असा भाऊ किती जणींना मिळतो?

आता तुझी पाळी. तू लिहिलंस, घरातलं एक काम. छपराचं असतं तर छपराचं म्हणाली असतीस. तेहतीस वर्षं पोरांची तोंडं वाचली आहेत मी, कागदही वाचता येतो. खरं काय ते लिही.

मैनाआत्या

*

बोईसर,
२६ मे २०२४

ती. आत्यास सा. नमस्कार.

पकडलंस. ऐक तर.

जानेवारीत आमच्या कारखान्यात एक रिकामी टाकी धुवायची होती. प्रदीप नावाचा कंत्राटी कामगार, विक्रमगडकडच्या पाड्यावरचा, त्याला कुणीतरी आतली हवा न तपासता उतरवलं. तो आत कोसळला. मी शेजारच्या प्रयोगशाळेत होते, आरडाओरडा ऐकून धावले. त्याचा सख्खा चुलता गोमा टाकीच्या तोंडात पाय घालत होता. मी त्याला मागे ओढलं आणि त्या तोंडावर आडवी पडले. आत विषारी हवा होती. जो जाईल तो पडणार, हे मला ठाऊक होतं. गोमा ओरडत होता, "माझा पोर मरतोय, बाजूला हो!" त्याने माझे केस धरून ओढले. मी उठले नाही. हवेचा मुखवटा आणि दोर यायला चार मिनिटं लागली. मग मुखवटा घातलेला माणूस आत गेला आणि प्रदीपला बाहेर काढलं. तो वाचला. तीन दिवस दवाखान्यात होता.

पण ती चार मिनिटं कुणी विसरलं नाही. कारखान्यात कुजबुज झाली, या बाईला काळीज नाय. गोमा महिनाभर माझ्याकडे बघत नव्हता. मलाही वाटायचं, प्रदीप गेला असता तर? आणि तेवढ्यात तुझं पत्र आलं. 'आबांनी मागचापुढचा विचार न करता उडी घेतली.' ते वाक्य वाचून मी दोन दिवस नीट जेवले नाही. मला वाटलं, त्या माणसाच्या घराण्यात मी अडवणारी निघाले.

तरीही ठरवलं आहे. औद्योगिक सुरक्षेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. तो केला की कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता येतं. मग टाकीत कोण उतरेल आणि कधी उतरेल, हे माझ्या सहीशिवाय ठरणार नाही. पण वर्षभर पगार नाही, फी वेगळी. सुजित म्हणतो, "घर मी चालवतो, तू शिक." फीसाठी अंगठी.

तुला सांगितलं नाही, कारण अडतिसाव्या वर्षी शिकायला निघालेल्या बाईला लोक काय म्हणतात ते मी ऐकते आहे. तुझ्याकडूनही ऐकायची भीती वाटली. तेव्हा मला तुझी गोष्ट ठाऊक नव्हती ना!

तुझी,
उत्कर्षा

*

पाथर्डी,
४ जून २०२४

चि. उत्कर्षा,

ते वाक्य खोटं आहे. आबांनी उडी घेतली नव्हती.

मी पाच वर्षांची होते, पण आईच्या शेजारी उभं राहून सगळं बघितलं, आणि पुढे आबांच्या तोंडूनही ऐकलं. दोघं पडल्यावर आबांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर कंदील पेटवून दोराने खाली सोडला. निम्म्यावर गेला आणि विझला. आबा म्हणाले, "कुणी उतरायचं नाही." मालक अंगावर धावून आला. "भेकडा, माझा मुलगा मरतोय!" त्याने आबांना चाबूक मारला. आबा विहिरीच्या काठावर हात पसरून उभे राहिले, कुणाला उतरू देईनात. लिंबाच्या मोठमोठ्या फांद्या दोराला बांधून खालीवर, खालीवर करायला लावल्या, हवा हलावी म्हणून. दुसरा कंदील सोडला. विझला. तिसरा तळापर्यंत जळत गेला. मग कमरेला दोर बांधून आबा उतरले आणि दोघांना वर आणलं.

अंगठी दिली ती चाबूक मारल्याच्या शरमेने, असं आई म्हणायची. मालकाला तरी ती काच असल्याचं ठाऊक होतं की नव्हतं, कोण जाणे.

मग उडी कुठून आली? सांगता सांगता आली. काठावर थांबलेल्या माणसाची गोष्ट कुणाला आवडते? गावाने उडी लावली, आम्ही लावू दिली, आणि मी तुला तीच लिहून पाठवली. माझ्यामुळे तू दोन दिवस उपाशी राहिलीस. तू अडवणारीच आहेस. आबाही अडवणारेच होते. तू त्यांच्यावर गेलीस, पोरी, हुबेहूब.

मलाही आईने "आता काय शिकतेस" म्हटलं होतं. मी तुला ते म्हणेन होय?

अंगठी विक. मी परवानगी देत नाही, मी सांगते आहे. वीस कॅरेटचा पूर्ण भाव घे आणि एक रुपया सोडू नकोस. माझे साठवलेले दहा हजार पाठवले आहेत. परत पाठवशील तर मी बोईसरला येऊन तुझ्या दारात बसेन.

मैनाआत्या

*

बोईसर,
२३ जून २०२४

ती. आत्यास सा. नमस्कार.

काल अंगठी विकली.

बोईसरच्या त्या दुकानात मुद्दाम आधी गेले. यंत्राचा कागद पुढे ठेवला. दुकानदार म्हणाले, "ताई, कसावर कधी कधी फरक पडतो." मी म्हटलं, "सहा कॅरेटचा?" आणि बाहेर पडले.

पालघरला किंजलने खडा काढून सोनं माझ्यासमोर तोललं. त्या दिवशीच्या भावाने बेचाळीस हजार झाले. पावतीवर तिने काय लिहावं म्हणून विचारलं. मी म्हटलं, "जे आहे ते." तिने लिहिलं, 'वीस कॅरेट सोनं, हातकाम, जुनं. सोबत भट्टीत बनवलेलं माणिक, ग्राहकास परत.' तिचे वडील म्हणाले, "पाचशेच्या खड्याची पावतीवर नोंद कशाला?" तर किंजलनेच त्यांना बाबांची गोष्ट सांगितली. त्यांनी चष्मा काढला आणि खडा एकदा कपाळाला लावून माझ्या हातात दिला.

तो खडा या पत्राबरोबर रजिस्टरने पाठवते आहे. सोनं आबांनी कमावलं होतं, ते माझ्या फीला लागलं. खडा बाबांनी कमावला, तोही तुझ्यासाठी. तो तुझाच आहे.

प्रवेश झाला. अर्जावर वडिलांचा व्यवसाय विचारला होता. मोठ्या अक्षरात 'वेल्डर' लिहिलं.

तुझी,
उत्कर्षा

*

तारापूर औद्योगिक वसाहत, बोईसर,
१९ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

परीक्षा पास झाल्याचं तुला कळवलंच होतं. या महिन्यापासून एका रंगाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून लागले. दारावर माझ्या नावाची पाटी आहे. स्वराने तिचा फोटो वर्गात सगळ्यांना दाखवला, आणि बाईंनी ओरडेपर्यंत दाखवत राहिली.

आज पहिल्यांदा माझ्यापुढे टाकीत उतरण्याचा परवाना सहीला आला. तीन माणसं धुवायला जाणार होती. सकाळी साडेनऊला मी आतली हवा मोजली. प्राणवायू कमी भरला. सही केली नाही. पंखा लावायला सांगितला. साडेदहाला पुन्हा मोजली, अजून कमी. व्यवस्थापक म्हणाले, "मॅडम, बाहेर गाडी उभी आहे, माल अडलाय." मी म्हटलं, "उभी राहू द्या." माणसंही वैतागली होती. एक जण हिंदीत पुटपुटला की मॅडम नवीन आहेत, म्हणून घाबरतात. मी ऐकून घेतलं.

पाऊण वाजता हवा बरोबर भरली. दोनदा खात्री केली, दोर बांधले, वर माणूस उभा केला, आणि मग सही केली. ते उतरले. मी टाकीच्या तोंडाशीच खुर्ची टाकून बसले. अडीच वाजता तिघंही एकामागून एक वर आले, हातपाय धुतले आणि डबे उघडले. तो पुटपुटणारा म्हणाला, "मॅडम, आपने खाना खाया?"

बाकी दिवसभरात काहीही झालं नाही, आत्या. हेच तुला कळवायचं होतं.

तुझी,
उत्कर्षा